पावडर

शनिवारी रात्री अकराला बर्नलीहून शेवटची बस.
बॅगेत टॉवेल, बदलायला दोन ब्लाउज,
चामडी तळाचे बूट आणि पावडरचा डबा,
बाळांच्या अंगाला लावतात ती, साधी.
आई विचारायची, "बाळ कुणाचं?"
मी म्हणायचे, "जमिनीचं."

आठवडाभर मागावर.
चारशे माग एकदम खडखडायचे,
कान असून नसल्यासारखे.
बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या.
अक्षरांच्या आधी आईने मला ओठ वाचायला शिकवले:
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा पिऊन पडलाय,
फोरमन येतोय, गप.
म्हणूनच असेल,
गाणं मला पहिल्यांदा पायांनी ऐकू आलं.

जुना स्केटिंग हॉल, लाकडी जमीन.
पावडर भुरभुरायची, टाच सोडायची,
की घसरत जायचो पहाटेपर्यंत.
नेव्हिल पिकप, दिवसा खाटकाकडे हाडं फोडणारा,
रात्री पाठीवर पडून, ताल न चुकवता उभा राहायचा.
त्याच्या पँटच्या घेरात त्याची आई
दोन पँटी मोजायची.
दारू नाही. चहा, फार तर पाव.
कुणी कुणाचा हात धरायचा नाही.
एकटं असायचं, पण सातशेजणांत.

गाणी तिकडची. डेट्रॉइट, शिकागो, टोलीडो.
मोटारींच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्या काळ्या माणसांची,
दोनशे प्रती काढलेली, वीसही न खपलेली.
तिथे नापास झालेलं गाणं
आमच्या धुरकट गावात पहिलं यायचं.
सगळी काळीज मोडल्याची, पण चाल अशी धावती
की रडायला दम उरत नसे.

रेकॉर्ड लावणारा सिरिल
लेबलवर पांढरा कागद चिकटवायचा,
कुणाला नाव कळू नये म्हणून.
विचारलं तर खोटं सांगायचा, दर वेळी वेगळं.
साडेचारला तो एक गाणं लावायचा. बाईचा आवाज.
दुसऱ्या कडव्यानंतर ती हसते,
चुकून.
पुन्हा रेकॉर्ड करायला पैसे नसावेत.

त्या हसण्यामागे माझी एकोणतीस वर्षं गेली.
लग्न झालं, दोन मुलं झाली, मिल बंद पडली,
तिथे आता गाद्यांचं दुकान आहे.
मी चर्चच्या जुन्या बाजारात गुडघ्यांवर बसून
खोके चाळत राहिले.
नवरा म्हणाला, "मी, की या पेट्या?"
मी विचार करायला जरा जास्तच वेळ घेतला.

सिरिल गेला. त्याच्या बहिणीने ती रेकॉर्ड मला दिली.
किटलीच्या वाफेवर कागद हळूहळू सुटला.
खाली नाव:
ओडेसा प्रुइट.

टोलीडोत तीन प्रुइट सापडल्या. तिसरी ती.
"गाणं? हो, एकदा गायले होते. चाळीस डॉलर मिळाले."
तिच्याकडे एकही प्रत नव्हती.
मी फोन स्पीकरपाशी धरला.
दोन मिनिटं एकोणीस सेकंद.
ते हसणं आलं, गेलं.
गाणं संपलं, सुई रिकाम्या खाचेत फिरत राहिली.
पलीकडून काहीच नाही.
जन्मभर ओठ वाचलेली मी,
आणि फोनला ओठ नसतात.

मग तिने विचारलं, "लोक नाचायचे यावर?"
"सातशे."
"कधी?"
"दर शनिवारी, रात्रभर."
ती हिशेब करत असावी.
"शनिवारी रात्री," ती म्हणाली,
"मी ऑफिसांच्या फरश्या पुसायचे."

मला काय बोलावं सुचेना.
"पुन्हा लाव," ती म्हणाली.

फोन ओट्यावर ठेवला.
स्वयंपाकघरात थोडी पावडर टाकली.
एक गुडघा नवा आहे, दुसरा रांगेत.
पांढऱ्यात एक टाच ओढली, लांब, कपाटापर्यंत.

आज राहू दे तशीच.
उद्या मी पुसेन.